झाडाशेजारचा दगड

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



बक्षीस समारंभ आटोपल्यावर भाषणास उभे राहणे म्हणजे दस्तरखान उचलल्यावर भात वाढावयास येण्यासारखे आहे. मुलांचे लक्ष हातातल्या बक्षिसाकडे आहे, आणि पालकांचे घड्याळाकडे. तरीही आपण थांबला आहात, याबद्दल मी आपला आभारी आहे. मी फार वेळ घेणार नाही. मला एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि शेवटी संस्थेपुढे एकच विनंती ठेवावयाची आहे.

माझा विषय आहे उघड्यावरची कला. कला म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे चौकटीतले चित्र येते, किंवा चौकातला पुतळा. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर आणखी एका प्रकारची कला वाढली आहे. दगड, माती, पाणी, झाड आणि ऊन हे तिचे साहित्य. ती मोकळ्या जागेत मांडली जाते, कोणालाही पाहता येते आणि कोणालाही घरी नेता येत नाही. मराठीत तिला मांडणशिल्प म्हणतात. आता आपण विचाराल, की आमच्या मुलांच्या तालमीशी याचा संबंध काय? तोच संबंध मला आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

आपल्या नाशिकला मोगल अमदानीत गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे बाग, आणि गुलशनाबाद म्हणजे बागेचे गाव. आज जुन्या नाशकातल्या आपल्या मोहल्ल्यांतून फिरताना या नावाचा अर्थ शोधावा लागतो. घराला घर लागलेले, अंगणे गेली, विहिरी बुजल्या. मूल सकाळी घरातून निघते ते सिमेंटवर, शाळेत येते ते सिमेंटवर, आणि परत जाते तेही सिमेंटवरूनच. झाडाचे नाव विचारले तर त्याला पुस्तकातले चित्र आठवते, कारण गल्लीत दाखविण्यासारखे झाड नसते.

झाडे लावली जात नाहीत असे मात्र नाही. दर पावसाळ्यात वृक्षारोपण होते, छायाचित्रे निघतात. पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच खड्ड्यात पुन्हा रोपटे लावण्याची वेळ येते. मधल्या काळात काय घडते, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा. ऑक्टोबरपासून मेपर्यंतचे आठ महिने रोपट्याला पाणी घालणारा माणूस लागतो. लावण्याच्या दिवशी पन्नास हात पुढे येतात आणि मार्च महिन्यात एकही येत नाही, कारण ते रोपटे कोणाचेच नसते. तेव्हा खरा प्रश्न असा की, एखादे झाड कोणाचे तरी व्हावे यासाठी काय करावे?

या प्रश्नाला एका कलावंताने जे उत्तर दिले, ते मी प्रथम सांगतो. त्यासाठी थोडा वेळ जर्मनीत जावे लागेल.

जर्मनीत कासेल नावाचे शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४३ मध्ये, बॉम्बवर्षावाने त्याचा मध्यभाग बेचिराख झाला. युद्धानंतर शहर पुन्हा उभे राहिले. १९५५ पासून तेथे 'डॉक्युमेंटा' नावाचे कलेचे मोठे प्रदर्शन भरू लागले. १९८२ च्या प्रदर्शनासाठी योसेफ बॉइस या कलावंतास बोलाविण्यात आले. त्याने चित्र आणले नाही की पुतळा आणला नाही. त्याने शहराच्या मोठ्या मैदानात सात हजार काळ्या दगडांची रास रचली आणि जाहीर केले की, ही रास हलवावयाची असेल तर एकच मार्ग आहे. शहरात कोठेही एक झाड लावा आणि त्याच्या शेजारी यातला एक दगड उभा करा. एका झाडाची आणि दगडाची देणगी पाचशे मार्क ठेवली होती. त्याने या कामाला 'सात हजार ओक' असे नाव दिले. ओक हा तिकडचा दीर्घायुषी वृक्ष. प्रत्यक्षात ओकखेरीज इतरही अनेक जातींची झाडे लावली गेली.

आपणांस वाटेल, लोकांनी हे काम आनंदाने उचलून धरले असेल. तसे झाले नाही. शहराच्या मध्यभागी दगडांचा ढीग पाहून पुष्कळ जण संतापले. गाड्या लावण्याची जागा गेली म्हणून तक्रारी झाल्या. काहींनी निषेध म्हणून दगडांना गुलाबी रंगही फासला. परंतु रास सर्वांच्या डोळ्यांपुढे होती. ती कमी झाली की शहराला कळे, अमुक इतकी झाडे लागली. ती तशीच राहिली तर तेही कळे. आपल्याकडे वृक्षारोपणाचा आकडा कागदावर असतो. तेथे तो मैदानात पडलेला होता आणि कोणालाही मोजता येत होता.

जानेवारी १९८६ मध्ये बॉइस वारला. काम अपुरे होते. शहरातल्या लोकांनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते पुढे चालविले. १९८७ च्या जून महिन्यात, पुढच्या प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाच्या वेळी, त्याच्या मुलाने सात हजारावे झाड लावले, तेही वडिलांनी लावलेल्या पहिल्या झाडाच्या शेजारी. पाच वर्षांपूर्वीची ती रास संपली होती. आज कासेलच्या रस्त्यांवर, शाळांपाशी आणि वस्त्यांतून ही झाडे उभी आहेत, आणि प्रत्येकाच्या शेजारी एक दगड आहे.

दगड कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. झाड पुरेसे नव्हते काय? मला वाटते, साऱ्या कामाचे मर्म त्या दगडातच आहे. रोपटे लहान असते तेव्हा दगड मोठा दिसतो. येणारा-जाणारा थबकतो आणि विचारतो, हा दगड येथे का उभा केला? म्हणजे ज्या वयात रोपटे कोणाच्या नजरेस पडत नाही, त्या वयात दगड त्याच्याकडे नजर वळवितो. पुढे झाड वाढते, दगड आहे तेवढाच राहतो, आणि एक दिवस तो सावलीत लहानसा दिसू लागतो. झाड किती वाढले हे मोजण्याचे मापच जणू शेजारी ठेवलेले आहे. आणि कोणी झाड तोडलेच, तर एकटा उरलेला दगड त्या जागी काय होते ते सांगत राहतो.

पालकहो, कासेलचे ते दगड कोणत्या जातीचे होते? ते बॅसाल्टचे होते. बॅसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. ज्या खडकावर आपले नाशिक वसले आहे, तोच हा खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपला हा दख्खनचा खडक तयार झाला. आपल्या जुन्या वाड्यांची जोती त्याचीच, नदीचे घाट त्याचेच, आणि पांडवलेणीही त्याच खडकात कोरलेली.

पांडवलेण्यांचा विषय निघालाच आहे, तर तेथली एक गोष्ट सांगतो. सहलीला आपण सर्व जण तेथे गेलो असू. पायऱ्या चढून दमतो, वरून शहर पाहतो आणि खाली येतो. तेथील दहाव्या लेण्यात भिंतीवर एक शिलालेख आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने केलेल्या दानाची ती नोंद आहे. या गोष्टीला सुमारे एकोणीसशे वर्षे झाली. त्याने लेणे दान दिले आणि भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायम ठेव म्हणून ठेविली. ही ठेव त्याने कोणाकडे ठेविली असेल? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे. गोवर्धन हे गाव आजही आपल्या गंगापूरजवळ आहे. ज्या जिल्ह्यात मालेगावचे माग चालतात आणि येवल्याची पैठणी विणली जाते, त्या जिल्ह्यात विणकरांवर ठेवलेल्या विश्वासाचा हा केवढा जुना दाखला! परंतु माझ्या विषयाशी संबंध आहे तो त्याच लेखातल्या पुढच्या नोंदीचा. एका गावी नारळाची आठ हजार झाडे दिल्याचे त्यात कोरले आहे. आणि हे सारे नगरसभेत जाहीर करून दप्तरात रीतसर नोंदविले, असेही लिहिले आहे.

विचार करा. ती झाडे केव्हाच गेली, ती नाणीही गेली. दगडावरची नोंद मात्र राहिली आणि आज आपण ती वाचू शकतो. झाडाची साक्ष दगडाने द्यावी ही कल्पना आपल्याच शहराच्या डोंगरावर कोरलेली आहे. कासेलच्या कलावंताने ही नोंद पाहिली असेल असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, ती समजण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही.

आपल्या जिल्ह्यातच याचे दुसरे, आजही जिवंत असलेले उदाहरण आहे. नाशिकहून पश्चिमेस पेठ आणि सुरगाणा तालुक्यांकडे जा. तेथे कोकणा, महादेव कोळी आणि वारली बांधवांची वस्ती आहे. गावाच्या शिवेवर, रानाच्या वाटेवर कोठे कोठे एक लाकडी फळी किंवा दगड उभा केलेला दिसतो. त्यावर सूर्य, चंद्र, वाघ आणि नाग कोरलेले असतात. हा वाघदेव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, त्या दिवशी गुराखी आणि गावकरी तेथे जमतात. ती त्यांची श्रद्धा आहे आणि तिचा आपण मान राखला पाहिजे. मी कलेच्या अंगाने तिच्याकडे पाहण्याची विनंती करतो. ही मांडणी कोठे केलेली असते? गाव संपते आणि रान सुरू होते तेथे. इथपर्यंत आमचे, इथून पुढे तुझे, असा माणसाचा जनावराशी झालेला करारच तेथे उभा असतो. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील वारली समाजाच्या वाघोबाचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा दीडशे ठाण्यांची नोंद आहे. बिबट्या वावरतो त्या मुलखात त्याच्याशेजारी कसे राहावे, याची समज या ठाण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकविली, असे अभ्यासकांना दिसून आले. बिबट्या नाशिक शहरात शिरल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा ही समज किती मोलाची आहे हे वेगळे सांगावयास नको.

तिसरे उदाहरण पाण्याचे आहे, आणि ते मी विशेषतः येथे बसलेल्या माता-भगिनींसाठी सांगतो. नवज्योत अल्ताफ या चित्रकर्तीने मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत शिक्षण घेतले. मुंबईत नाव मिळविल्यानंतर त्या छत्तीसगडमधील बस्तर भागात, कोंडागाव येथे, तेथल्या आदिवासी कलावंतांबरोबर काम करू लागल्या. गावातल्या बायांना हातपंपावर काय त्रास होतो, हे त्या सर्वांनी मिळून पाहिले. पंपाभोवती चिखल, सांडपाण्याची डबकी, आणि भरलेली घागर जमिनीवरून उचलून थेट डोक्यावर घ्यावयाची म्हणजे कमरेचे हाल. मग या कलावंतांनी हातपंपाची जागाच शिल्प म्हणून घडविली. घागर टेकविण्यासाठी योग्य उंचीचे ओटे बांधले, सांडपाणी वाहून नेणारे पाट काढले, आणि भिंतींना तेथल्या कलेचे आकार दिले. तिकडे या जागांना नळपार म्हणतात. २००० सालाच्या सुमारास सुरू झालेले हे काम कलेच्या जगात नावाजले गेले. परंतु मला विचाराल तर, बाईला घागर उचलताना वाकावे लागले नाही, हीच त्या कलेला मिळालेली मोठी दाद होय.

आता ही तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहू. कासेलमध्ये झाड आहे, सुरगाण्यात वाघ आहे, बस्तरमध्ये पाणी आहे. तिन्ही ठिकाणी लोकांनी मिळून एक वस्तू उघड्यावर मांडली, आणि त्या वस्तूमुळे निसर्गातली एक गोष्ट त्या लोकांची झाली. पाटी लावून, दंडाची भीती घालून हे साधत नाही. आपण आपल्या हातांनी जे मांडले, त्यावर आपली नजर राहते. मुलाने स्वतः लावलेले झाड शाळेतून येता-जाता त्याच्याकडून पाहिले जाते, यासाठी कोणा शिपायाची गरज लागत नाही.

म्हणून संस्थेपुढे माझी विनंती अशी आहे. दर वर्षी पाचवीत येणाऱ्या मुला-मुलींनी पाच-पाच जणांची तुकडी करावी. प्रत्येक तुकडीने एक झाड लावावे आणि त्याच्या शेजारी एक काळा दगड उभा करावा. ती मुले दहावी होईपर्यंत ते झाड त्यांचे. शाळा सोडून जाताना त्यांनी ते पाचवीच्या नव्या मुलांच्या हाती सोपवावे.

यासाठी दगड फोडण्याची गरज नाही. जुने वाडे पाडले जातात, तेव्हा घडीव दगड रस्त्याकडेला पडून असतात. तीन फूट लांब, अर्धा फूट रुंद व तेवढाच जाड असा दगड पुरे आहे. त्याचे वजन साठ किलोच्या आसपास भरेल. दोन मोठ्या माणसांनी तो उचलावा, मुलांनी नव्हे. एक फूट जमिनीत पक्का रोवावा, दोन फूट वर राहील. झाडाचा खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल असा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा, शेणखत आणि माती घालून भरावा, आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे. झाडे आपल्या मातीतली निवडावीत : कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, कांचन, आपटा. जागा मोठी असेल तर उंबर लावावा, पाखरे आपोआप येतील. वड-पिंपळ इमारतीजवळ लावू नयेत. त्यांची मुळे भिंतीत शिरतात.

दगडावर काय लिहावे? देणगीदाराचे नाव लिहू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. देणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांची नावे या स्मरणिकेत छापली जातात, तेवढे पुरे आहे. दगडावर फक्त झाडाचे नाव आणि लावल्याचे वर्ष असावे. नाव मराठीत आणि उर्दूत, दोन्ही लिपींत लिहावे. जांभूळ आणि जामुन, बहावा आणि अमलतास, उंबर आणि गूलर, कडुनिंब आणि नीम. मुलांना दोन्ही नावे कळतील. ज्यांचे अक्षर सुंदर आहे त्या मुला-मुलींनी ती अक्षरे प्रथम कागदावर काढावीत आणि मग पाथरवटाकडून कोरून घ्यावीत. खुशखती ही आपल्या घरातली जुनी कला आहे. ती वहीतून बाहेर पडून दगडावर आली, तर रस्त्याने जाणाऱ्यालाही वाचता येईल. चित्रे काढण्याविषयी ज्या पालकांच्या मनात संकोच असतो, त्यांनाही येथे अडचण वाटू नये. यात माणसाची वा प्राण्याची आकृती नाही. पान, दगड, अक्षर आणि सावली, एवढेच यात आहे.

वर्ष लिहिण्याला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष असा दर्जा देण्यात आला. पण झाडाचे वय सांगणार कोण? आजवर ते अंदाजाने ठरवावे लागते. आपल्या झाडाशेजारच्या दगडावर वर्ष कोरलेले असेल, तर पन्नास वर्षांनंतर कोणी कुऱ्हाड घेऊन आला तरी दगड त्याला हिशेब दाखवील.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी. रोप लहान असेल त्या दोन-तीन वर्षांत तो दगड तुमचे घड्याळही होऊ शकतो आणि पंचांगही. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ २० अंशांवर आहे. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात, आणि नाशिक आहे सुमारे ७३.८ अंशांवर. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. गुणाकार करून पाहा. आपला सूर्य घड्याळातल्या बारापेक्षा सरासरी ३५ मिनिटे उशिरा मध्यावर येतो. वर्षभरात ही वेळ बारा वाजून वीस मिनिटांपासून पावणेएकच्या थोडे पुढेपर्यंत सरकते. त्या वेळी दगडाची सावली दिवसातली सर्वांत आखूड असते. तिच्या टोकाशी दर शनिवारी खडूने खूण करा. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दोन फुटांच्या दगडाची सावली जवळजवळ दोन फूट, उत्तरेकडे पडलेली दिसेल. मग ती आखूड होत जाईल, आणि मेच्या २०-२१ तारखेच्या सुमारास भर मध्यान्ही दगडाला सावलीच उरणार नाही. त्यानंतर एक गंमत होईल. जूनमध्ये मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडेल, फक्त दीड इंच. सूर्य त्या दिवसांत आपल्या उत्तरेला गेलेला असतो. जुलैच्या २३ तारखेच्या सुमारास सावली पुन्हा नाहीशी होते, परंतु त्या दिवसांत ढग ती पाहू देतील याची खात्री मी देत नाही.

हे सारे भूगोलाच्या पुस्तकात आहे. पण पुस्तकातले पाठ करावे लागते आणि खडूने खूण केलेले लक्षात राहते.

पालकांपैकी काही जण मनात म्हणत असतील, मास्तर, हे सगळे ठीक आहे, पण यातून मुलाला नोकरी मिळणार आहे काय? प्रश्न रास्त आहे. पोट भरण्याची चिंता ज्याला आहे त्याने तो विचारलाच पाहिजे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे महत्त्व आता पालकांना पटू लागले आहे, कारण त्यांचा दहावीच्या गुणांत फायदा होतो. तो फायदा मुलांनी जरूर घ्यावा. ज्यांना या वाटेने पुढे जावयाचे असेल त्यांना वास्तुशास्त्र आहे, बागांची रचना आहे, अक्षरांकन आहे, शिल्प आहे. पण एवढ्यासाठीच मी ही विनंती करीत नाही. जे मूल सलग पाच वर्षे एका झाडाला पाणी घालते, त्याची पाने मोजते, सावली मोजते, ते मूल धीर धरावयास शिकते. उद्या ते दुकानात बसो, कारखान्यात जावो वा दवाखान्यात काम करो, हा धीर त्याच्या कामी येईल. आणि मुलींविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. झाडाच्या तुकडीत मुलींना फक्त पाणी घालावयास ठेवू नका. खड्डा कोठे घ्यावा, झाड कोणते निवडावे, अक्षर कसे काढावे, हे ठरविताना त्यांचाही शब्द असला पाहिजे.

जागेची अडचण मला ठाऊक आहे. आपल्या शाळांची मैदाने मोठी नाहीत. तरी भिंतीकडेला चार झाडे बसतात. त्यापुढे जागा शोधावी लागेल. वाडीवस्तीच्या कोपऱ्यावर, मालकांनी परवानगी दिली तर शेताच्या बांधावर, आणि व्यवस्थापकांच्या संमतीने कब्रस्तानात. आपल्याकडे किती तरी गावांतली शेवटची जुनी झाडे कब्रस्तानांतच उरली आहेत. शहरातील रस्त्याकडेला लावावयाचे असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारून जागा ठरवावी, म्हणजे पुढे पाइप टाकताना झाड उपटले जाणार नाही.

सुरुवात लहानच असावी. पहिल्या वर्षी दहा झाडे लागली तरी पुष्कळ झाली. पण दहाचे दगड शाळेच्या दारात आधीच आणून ठेवावेत आणि एकेक झाड लागेल तसा एकेक दगड हलवावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला रास दिसू द्या. ती रास वर्षभर तशीच पडून राहिली, तर आपल्याला दररोज दारातच उत्तर द्यावे लागेल. मला वाटते, त्या उत्तराची थोडी लाज वाटणे आपल्या हिताचे आहे.

मुलांनो, तुम्ही लावलेल्या झाडाची सावली पहिली दोन वर्षे तुमच्या वहीएवढीही पडणार नाही. तुम्ही दहावीला जाल तोवर ते तुमच्या डोक्याच्या वर गेलेले असेल. पुढे कधी तरी तुमची मुले त्याच शाळेत येतील आणि सावलीत बसून तो दगड वाचतील. त्यावर तुमचे नाव नसेल. वर्ष पाहून मात्र त्यांना कळेल की हे आमच्या अम्मी-अब्बांच्या वेळचे झाड आहे.